बंपरवाले भाऊ

आमच्या ऑफिसात सिगारेट ओढणारे चार जण होते आणि त्या चौघांच्या पाकिटांवर डोळा ठेवून असलेला एक माणूस होता. तो माणूस स्वतः सिगारेट ओढत नव्हता. विडी नाही, तंबाखू नाही, पानसुद्धा कुणाच्या लग्नातच. पण साहेबांनी पाकिटातली शेवटची सिगारेट काढली की हा दारात हजर. "साहेब, पाकीट फेकू नका जी." मग पाकीट उघडून आतली चांदीसारखी पन्नी हलक्या हाताने सोडवायची, मांडीवर ठेवून सपाट करायची आणि शर्टाच्या वरच्या खिशात सरकवायची. उरलेलं रिकामं पाकीट परत साहेबांच्या टेबलावर. ज्याची वस्तू त्याला परत गेली पाहिजे, असं त्यांचं काहीतरी होतं.

हे आमचे ड्रायव्हर. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण कुणाच्या तोंडात नव्हतं. समोर सगळे भाऊ म्हणत आणि पाठीमागे बंपरवाले भाऊ. मी वाहनांचे कागद बघणारी लिपिक. ‘वाहनांचे’ असं फाइलीवर छापलेलं होतं म्हणून म्हणायचं. वाहन एकच होतं, एक पांढरी अँबॅसिडर.

गडचिरोली नवा जिल्हा झाला तेव्हा चंद्रपूरच्या ऑफिसातलं सामान वाटलं गेलं. आमच्या वाट्याला तीन कपाटं, एक डुगडुगणारं टेबल, ही गाडी आणि गाडीबरोबर भाऊ आले. ऑफिस आरोग्याचं. काम सगळं आलापल्लीच्या पलीकडचं, एटापल्ली-भामरागडकडच्या गावांचं. तिकडे पावसाळ्यात रस्ता संपतो आणि नाले सुरू होतात. तिथे ही गाडी म्हणजे चिखलात पैंजण घालून उतरण्यासारखं होतं. आम्हाला जीप हवी होती. शिपायापासून साहेबांपर्यंत प्रत्येकाला हवी होती. साहेब पुण्याकडचे, कामाचे डॉक्टर; दर महिन्याला जीपसाठी पत्र लिहीत आणि मी ते टाइप करत असे. वरून दर वेळी एकच उत्तर यायचं, की आहे ती गाडी मोडीत निघाल्याशिवाय दुसरी मिळणार नाही.

आणि इकडे भाऊ रोज सकाळी साडेआठ ते दहा त्या गाडीपुढे उकिडवे बसलेले.

आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते, चपलेला येते, फाइलींना तर येतेच. गाडीच्या बंपरला गंज यायचा. आधी खसखशीएवढे तांबूस ठिपके, मग ते एकमेकांत मिसळून डाग. बंपर, दिव्यांभोवतीच्या कड्या, चाकांच्या मधल्या वाट्या, दरवाजांच्या मुठी, जिथे जिथे चकचकीत मुलामा होता तिथे. कागदावर त्याला क्रोम म्हणत. भाऊ निकल म्हणायचे. त्यांची पद्धत ठरलेली. पन्नी पाण्यात बुडवायची, बोटाला गुंडाळायची आणि रुपयाएवढ्या गोलात फिरवायची. एका ठिपक्यावर पाच मिनिटं. हळूहळू करडा चिखल सुटायचा. तो जुन्या धोतराच्या फडक्याने टिपायचा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचा, मग मोहाच्या बियांच्या तेलाचा हात फिरवायचा. ते तेल थंडीत थिजतं. मग भाऊ डबी शर्टाच्या आत पोटाशी धरून बसायचे, पाझरेपर्यंत.

"जोर नाई लावाचा बाई," ते मला सांगायचे. मी विचारलेलं नसायचं. "जोर लावला का निकल जाते अन् गंज राह्यते."

चिंच, राख, वाळू यांची नावं काढलेली त्यांना चालत नसत. चंद्रपूरला म्हणे एक ड्रायव्हर होता, तो विटेच्या भुक्याने बंपर घासायचा. "दोन दिवस अशी चमकली का बस. लोकं पाहाले येत. तिसऱ्या महिन्यात बंपर लाल!" हे सांगताना भाऊंचा आवाज एकदम खाली यायचा. कुणीतरी कुणाला विष घातल्याची गोष्ट सांगावी तसा. मी म्हणायचे, "भाऊ, एवढं इंजिनाकडे पाहा ना. ते खोकून राह्यलं." ते म्हणायचे, "इंजिनाले मिस्त्री हाये. याले कोण हाये?"

खरं सांगायचं तर मला त्यांचा कंटाळा यायचा. त्या वर्षांत मला सगळ्याचाच कंटाळा यायचा. नवरा भद्रावतीला नोकरीला, तीन वर्षांची मुलगी सासूबाईंजवळ, आणि मी गडचिरोलीत एका खोलीत. शनिवारी एसटीने मूल गावापर्यंत, तिथून चंद्रपूर, तिथून भद्रावती. पोचेपर्यंत मुलगी झोपलेली. सोमवारी पहाटे निघायचं तेव्हाही झोपलेली. बसमधून उतरून अंग आंबलेलं असताना फाटकात हा माणूस प्रसन्न चेहऱ्याने म्हणायचा, "जयभीम बाई. आज डाव्या कडेचा ठिपका गेला." कोणता ठिपका आणि कुठला डावा! मी जयभीम म्हणून आत जायचे.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्या तेवढ्या थोड्या. मूलला आमच्या शिपायाच्या भावाचं लग्न होतं. भाड्याने आणलेल्या गाडीत नवरदेव बसलेला, वाजंत्री वाजताहेत, आणि गाडी हलत नाही. पुढे जाऊन बघते तर भाऊ दिव्यासमोर बसलेले. कडीवर गंज दिसला होता. "दोन मिन्टं जी, दोन मिन्टं," ते वरातीला हाताने थांबवत होते. आत नवरदेव सूट घालून घामाघूम. वीस मिनिटांनी वरात निघाली, आणि नवरदेवाचा बाप त्यांना शिव्या द्यायच्या ऐवजी दिव्यात बघून टोपी सरळ करून गेला.

गावांहून माणसं ऑफिसात येत, साहेबांची वाट बघत फाटकाजवळ बसत. एखादा म्हातारा चाकाच्या वाटीत बघून मुंडासं नीट करायचा, एखादी बाई केसांतला काटा सारखा करायची. भाऊ लगेच बाजूला सरकायचे. "पाहा जी, पाहा. सरकारीच हाये." एवढा आनंद मी त्यांना पगाराच्या दिवशी झालेला पाहिला नाही.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले. वहिनींनी चहा दिला आणि चुलीवरचा तवा उचलून माझ्यासमोर धरला. "पाहा बाई, आहे का याचं काही? यायले म्हणा, एक पन्नी घरच्याबी लोखंडाले लावा."

"तव्यावर निकल नाई," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

"माह्यावरबी नाई," वहिनी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

मग एका उन्हाळ्यात साहेबांनी सिगारेट सोडली; निम्म्याहून जास्त पाकिटं त्यांचीच असत. सगळ्या ऑफिसने अभिनंदन केलं. भाऊंनीही केलं. "बरं केलं साहेब, छातीले चांगलं." आणि माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, आता पावसाळा कसा निघंन?" तेव्हापासून ते बसस्टँडसमोरच्या पानठेल्यावर जाऊन उभे राहायला लागले. ठेलेवाला त्यांना ओळखायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, हा माणूस सिगारेट मागतोय.

आता त्या शनिवारचं सांगते. ते सांगायचं नाही म्हणून मी वरातीचं आणि तव्याचं सांगत बसले.

दुपारी चारला पत्र आलं. आमचा अर्ज शेवटी कुणीतरी वाचला होता. गाडी मोडीत काढण्यालायक आहे की नाही हे बघायला सोमवारी अकरा वाजता तिघांची समिती येणार होती. साहेब एसटीने दौऱ्यावर गेलेले. मी पत्राची नोंद केली, पिशवी उचलली, पावणेपाचच्या बससाठी फाटकाकडे धावले. भाऊ गाडीशी होते.

"भाऊ, सोमवारी गाडीची तपासणी हाये. समिती येऊन राह्यली."

"किती वाजता?"

"अकरा."

"मंग होते," ते म्हणाले.

‘मंग होते’ म्हणजे काय होते, हे मी विचारलं नाही. समिती कशासाठी येते आहे हे मी सांगितलं नाही. एका वाक्याचं काम होतं. पण बसचा हॉर्न वाजत होता, आणि त्या दिवशी मुलगी जागी असताना पोचायचं असं मी ठरवलं होतं. मला वाटलं, जीपची चर्चा सगळं ऑफिस वर्षभर करतंय, यांना कळत नसेल का? त्यांना जीप कळत होती. पण चंद्रपूरला दरवर्षी गाड्यांची तपासणी व्हायची, आणि ज्याची गाडी नीट त्याच्या पाठीवर थाप पडायची. तपासणी हा शब्द त्यांच्या डोक्यात तसा बसलेला होता. आणि मधे आख्खा रविवार होता.

सोमवारी मी पोचले तेव्हा गाडी फाटकातूनच दिसली. चिंचेखालून काढून उन्हात उभी केली होती. डोळे दिपून बंपरकडे बघवत नव्हतं. चाकांच्या वाट्यांमध्ये सगळं अंगण उलटं दिसत होतं. आतल्या गाद्यांवर धुतलेले पांढरे टॉवेल. रंगाला जिथे पोपडे आले होते तिथे भाऊंनी चुना की टूथपेस्ट काय ते भरून सारखं केलं होतं. ते स्वतः इस्त्रीचे कपडे घालून शेजारी उभे होते, आणि त्यांची बोटं सुजलेली होती.

समितीतल्या तिघांना गाडीतलं फार कळत होतं असं वाटलं नाही. मिस्त्रीने इंजिनाबद्दल लिहून दिलेला कागद मी पुढे केला, तो त्यांनी घडी करून ठेवला. एकाने खिशातून कंगवा काढला आणि बंपरसमोर वाकून भांग पाडला. पंधरा मिनिटांत अहवाल झाला. वाहनाची बाह्यस्थिती उत्तम. प्रस्तावातलं वर्णन प्रत्यक्षाशी जुळत नाही. दोन वर्षांनी पुन्हा विचार व्हावा.

साहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. समिती गेल्यावर ते भाऊंना म्हणाले, "अहो, आपण काय गाडीला दाखवायला बसवलं होतं का?"

"तपासणी होती ना जी," भाऊ म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "यांना सांगितलं नव्हतं तुम्ही?"

"सांगितलं होतं साहेब," मी म्हणाले.

भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. फडकं घडी करून त्यांनी डिकीत ठेवलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि तेच मला अजून लागतं.

त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये नाल्यापलीकडच्या एका गावातून निरोप आला. हगवण पसरली होती, दोन माणसं गेली होती. कंपाउंडर रजेवर, म्हणून सलाईनच्या बाटल्या सांभाळायला साहेबांनी मला बरोबर घेतलं. आलापल्लीपर्यंत ठीक गेलो. तिथे निरोप मिळाला की एका बाईची तब्येत फार बिघडली आहे; गाडी येणार म्हणून तिला बाजेवर घालून नाल्यापर्यंत आणताहेत, तिथून गाडीने दवाखान्यात न्यायची. पुढे सागाच्या जंगलातून तासभर. दुपारी बाराच्या सुमाराला नाला लागला.

पलीकडच्या काठावर बाज होती. चार-पाच माणसं उभी होती. भाऊ उतरले, काठी घेऊन पाण्यात गेले, मांडीपर्यंत भिजून परत आले. पाण्याला ओढ होती; सुटा माणूस उतरला असता, पण आजारी बाईची बाज खांद्यावर आणणं धोक्याचं होतं.

"जीप गेली असती जी," ते साहेबांना म्हणाले. "हे नाई जात. पण पाहतो."

त्यांनी गाडी घातली. नाला एक तृतीयांशही ओलांडला नाही तोच इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पलीकडची माणसं पाण्यातून आली, आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत मागे काढली. साहेबांनी पँट वर दुमडली, दोन माणसांच्या डोक्यावर खोकी दिली आणि ते चालत पलीकडे गेले. झाडाला बाटली बांधून त्यांनी तिथेच सलाईन लावलं. आम्ही दोघं अलीकडे. भाऊ इंजिनाचे प्लग काढून फडक्याने पुसत होते, उन्हात ठेवत होते, पुन्हा लावत होते. गाडी सुरू होईना. सुरू झाली असती तरी काय, ती पलीकडे जाणार नव्हती, आणि पाणी वाढायला लागलं होतं. बाज उचलून आणायची सोय तर आता मुळीच राहिली नव्हती. चार वाजायच्या सुमाराला पलीकडून बायकांचा रडण्याचा आवाज आला.

पाणी उतरल्यावर साहेब परत आले. त्यांच्याबरोबर त्या बाईचा नवरा होता. पस्तिशीचा असेल. त्याच्या हातात सलाईनच्या रिकाम्या बाटल्या होत्या, दोरीने बांधलेल्या. सरकारी सामान म्हणून तो परत द्यायला आला होता. मी त्या घेतल्या. तो गाडीजवळ थांबला. बंपरवर चिखल उडाला होता, तेवढा त्याने हाताने पुसला.

"गाडी चांगली आहे," तो म्हणाला.

टोचून बोलला नाही. त्याला मराठी थोडंच येत होतं, आणि आलेल्या माणसांशी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तो बोलला. मग पुन्हा पाण्यात शिरून पलीकडे गेला.

प्लग वाळून गाडी शेवटी सुरू झाली. परतताना आलापल्लीला साहेब फोन करायला उतरले. गाडीत आम्ही दोघंच. भाऊंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवलेले होते.

"बाई, जीप असती तं ते बाई निघाली असती ना?"

"निघाली असती भाऊ."

"समिती त्याच्यासाठी आली होती? हे गाडी काढाले?"

"हो."

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "मले सांगाचं ना बाई."

एवढंच. त्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उलट बोलले असते, माझी बस सांगितली असती, मुलगी सांगितली असती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीला हात लावला नाही. दहा वाजेपर्यंत पायरीवर बसून राहायचे. शिपायाने पन्नी आणून दिली तर म्हणाले, "ठेव तुह्याजवळ." मला वाटलं, बरं झालं, सुटला हा माणूस एकदाचा.

पुढच्या सोमवारी मी फाटकात शिरले तर भाऊ पुन्हा गाडीसमोर उकिडवे. मी मनात म्हटलं, आली सवय परत. जयभीम घालायला जवळ गेले. त्यांच्या हातात पन्नी नव्हती. ओल्या चिंधीवर विटेचा भुका होता. शेजारी डब्यात मीठ कालवलेलं पाणी, आणि एक भिजवलेलं पोतं.

"भाऊ, हे काय करून राह्यले?"

"पाहून राह्यल्या ना," ते म्हणाले.

"काऊन पण?"

"इंजिन कोणी पाहत नाई बाई. समिती तोंड पाहते." त्यांनी मिठाचं पाणी शिंपडलं. "याचं तोंड खराब केल्याबिगर हे निघत नाई."

मी तिथेच उभी राहिले. विटेचा करकर आवाज येत होता. त्यांना जोर लावणं जमत नव्हतं. हात आपोआप त्याच रुपयाएवढ्या गोलात फिरायचा, मग त्यांच्या लक्षात यायचं आणि ते आडवं-उभं घासायला लागायचे. मला रडू आलं. मी आत जाऊन टाइपरायटरवरचं कापड काढलं आणि कोरा कागद घालून बसले.

गंज कसा काढायचा हे ज्याला कळतं त्याला तो कसा आणायचा हेही कळतं. दिवाळीपर्यंत बंपर लाल झाला, दिव्यांच्या कड्यांना भोकं पडली. गाडी त्यांनी चिंचेखालीच ठेवली, पानांचा खच, पाखरांची घाण, काही काढलं नाही. गावांहून येणारी माणसं आता भिंतीला टेकून बसत. साहेबांनी न बोलता पुन्हा प्रस्ताव पाठवला, नाल्याची हकिकत जोडून. त्या हकिकतीमुळे असेल, समिती दोन वर्षं न थांबता हिवाळ्यातच आली. तीच तीन माणसं.

कंगवावाल्याने बंपरला नखाने टोचलं, तर पापुद्रा हातात आला. गाडी मोडीत काढायला त्यांची हरकत नव्हती. पण त्यांच्या फाइलीत त्यांच्याच सहीने ‘बाह्यस्थिती उत्तम’ लिहिलेलं होतं. वर्षभरात असं कसं झालं? साहेब म्हणाले, पाऊस. ते म्हणाले, पाऊस मागच्या वर्षीही होता. कुणाची तरी हयगय कागदावर यायला हवी, नाहीतर आमच्या पहिल्या अहवालावर बोट येतं, आणि मग प्रस्ताव पुढे जाणार नाही. साहेब चिडून म्हणाले, मी माझं नाव लिहून देतो. ते म्हणाले, गाडी धुणं हे काही डॉक्टरचं काम नाही.

भाऊ दारात उभे होते. ते माझ्या टेबलाशी आले.

"लिहा बाई. मी सांगतो तसं."

मी पेन घेतलं. ते सावकाश सांगत गेले आणि मी शुद्ध भाषेत उतरवत गेले. मी या वाहनाचा चालक आहे. वाहनाची निगा राखणे हे माझे काम होते. मी ते केले नाही.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"आळस लिहा."

"भाऊ, आळस नका लिहायला लावू मला."

"मंग काय लिहान? खरं लिहिलं तं माही नोकरी जाते, अन् गाडी राह्यते." ते किंचित हसले. "आळस बरा हाये. आळसाले काही करत नाईत."

मी ‘आळसामुळे’ असं लिहिलं. त्यांनी खाली सही केली. त्यांना ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद करायचा हुकूम आला, आणि ती नोंद मलाच करावी लागली, कारण ते काम माझ्याकडे होतं.

पुढच्या पावसाळ्याआधी जीप आली. तिचे बंपर काळ्या रंगाने रंगवलेले; पुसून चमकावं असं तिच्यात काही नव्हतं. भाऊंनी ती पुढे सात वर्षं चालवली. नाल्यातून किती माणसं त्यांनी अलीकडे आणली, त्याची कुठे नोंद नाही. बाळंतिणी आणल्या, साप चावलेले आणले. माझ्याशी ते पहिल्यासारखेच बोलत. त्या शनिवारबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही, आणि मी माफी मागायची म्हणून दहा वेळा शब्द जुळवले आणि दहा वेळा फाइल उघडून बसले.

भाऊ निवृत्त झाले तेव्हा ते साहेब बदलून गेले होते. नवे साहेब तरुण, उत्साही. निरोपाच्या कार्यक्रमात चार चांगले शब्द बोलावेत म्हणून त्यांनी भाऊंचं सेवापुस्तक मागवलं. बाकं मांडलेली, समोसे आलेले, वहिनी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. भाऊ साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर शाल आणि नारळ. मी सेवापुस्तक घेऊन साहेबांच्या मागे उभी होते. त्यांनी पानं उलटली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या पुस्तकात शेरा म्हणावा असा एकच होता. तो त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि मान मागे करून मला हळू आवाजात विचारलं,

"काय हो, हे आळशी होते का?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं. पन्न्या, वीट, नाला, ती बाज. पण निवृत्तिवेतनाचे कागद अजून याच साहेबांच्या टेबलावर सहीसाठी होते. खरं सांगितलं तर सरकारी गाडी मुद्दाम नासवल्याची चौकशी, आणि ती चौकशी संपेपर्यंत वहिनींच्या घरात काय शिजणार?

"हो साहेब," मी म्हणाले. "जरा होते."

भाऊंनी ते ऐकलं. त्यांनी साहेबांकडे वळून मान हलवली आणि म्हणाले, "बाई बरोबर सांगून राह्यल्या जी."